थॉर्नबेकच्या लग्नातली हजेरी

जेबेझ विंटलनं ऑल्डमिन्स्टरच्या बिशपच्या दफ्तरात एकेचाळीस वर्षं लोकांच्या लग्नाचे परवाने लिहिले. एकाही लग्नाला तो गेला नाही. एका लग्नाला मात्र तो हजर होता असं कागद म्हणतो. तो तिथं नव्हता. त्या दिवशी तो माझ्या शेजारच्या मेजाशी बसून माझ्याच चाकूनं लेखणी तासत होता. हे मी शपथेवरही सांगितलं असतं, पण शपथेवर मी नेमकं उलटं सांगून बसलोय, तेव्हा ते जाऊ द्या.

आमचं दफ्तर कॅथेड्रलच्या वेशीवरच्या खोलीत. खाली घोडागाड्या, वर उंदीर. गरिबाघरचं लग्न असलं की चर्चमध्ये तीन रविवार नावांचा पुकारा होतो; खाटीक, न्हावी, शेजारीण, सगळे ऐकतात, आणि कुणाची हरकत असेल तर तिथंच उभं राहून सांगतात. आता प्रतिष्ठित माणसाचं नाव असं खाटकासमोर घ्यायचं म्हणजे काय? म्हणून प्रतिष्ठित माणूस आमच्याकडे यायचा. बायबलच्या पुस्तकावर हात ठेवायचा, त्याला ओठ लावायचा, शपथ घ्यायचा की मी अविवाहित, ती कुमारी, दोघंही सज्ञान, कसलीही आडकाठी नाही, आणि अर्ध्या तासात बिशपच्या शिक्क्याचा परवाना खिशात घालून चालू पडायचा. बिशपांना यातलं काही ठाऊक नसायचं. त्यांच्या शिक्क्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.

तो परवाना लग्न लावणाऱ्या पाद्र्याकडे जायचा आणि बहुधा त्याच्या चिलमीच्या कामी यायचा. आमच्याकडे उरायचं ते शपथपत्र. म्हणजे उद्या कुणी आमच्या दफ्तरात आपल्या पूर्वजांचं लग्न शोधायला आला, तर त्याला एवढंच सापडेल की अमुक दिवशी अमक्याच्या मनात लग्न करायचं होतं. पुढं केलं की पळाला, ते आम्हाला विचारू नका. असे कितीतरी पळालेले आमच्याकडे नीट घडी घालून, पाठीवर नाव लिहून, अक्षरवार दोरीला टांगलेले आहेत.

आणि शपथा तरी काय एकेक! परवान्यात ज्या चर्चचं नाव, त्याच्या हद्दीत नवऱ्यानं किंवा नवरीनं चार आठवडे राहिलेलं असावं असा कायदा. आता चार आठवडे थांबायला कुणाला वेळ आहे? माझी बहीण टॅमसिन वेशीजवळ खोल्या भाड्यानं देते. तिच्याकडे एक फळी होती. नवरदेव आपली पिशवी आणून त्या फळीवर ठेवायचे आणि परत जायचे. चार आठवडे पिशवी राहायची. मग नवरदेव येऊन शपथ घ्यायचे की आमचा मुक्काम इथंच. टॅमसिन म्हणायची, "माझ्याकडे राहणाऱ्यांत या पिशव्याच सगळ्यांत सभ्य. जेवण मागत नाहीत की चादरीत जोडे घालून झोपत नाहीत."

जेबेझला हे सगळं माहीत होतं. तो स्वतः मात्र खोटं बोलायचा नाही. साडेआठला यायचा म्हणजे साडेआठलाच. पाच फूट उंचीचा, कानापर्यंत चढलेली कॉलर, आणि नाकानं कांदे सोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या ऑल्डमिन्स्टरात कुणी नाही. मी एकदा विचारलं होतं, "अहो विंटल, तो म्हातारा आत्ता शपथेवर सांगून गेला की नवरी सज्ञान आहे. ती बाहुली घेऊन बसली होती हो बाकावर!"

"मी जे शपथेवर सांगितलं जातं ते लिहितो," जेबेझ म्हणाला. "खरं-खोटं करणं हे देवाचं खातं. तिकडं कारकुनाची जागा रिकामी झाली तर कळवीन तुला."

त्याची बायको लवकर गेली. एक मुलगी, केझाया. बापासारखीच बुटकी आणि बापासारखीच ताठ. एकोणीस वर्षांची असताना तिनं ल्युशन हॅमरटन नावाच्या पोराशी लग्न ठरवलं. बाप बिअरला लागणाऱ्या माल्टचा कारखानदार, पोराचे केस कुरळे, दात सरळ, आणि बोलणं असं की ऐकणारीला वाटावं ही तर कविताच. जेबेझनं साफ नाही म्हटलं.

"मी नऊ हजार नवरदेव पाहिलेत," तो घरी तिला म्हणाला. हे मला टॅमसिननं सांगितलं. तिला ते कुठून कळलं ते विचारायचं नसतं. "हा चेहरा मी सातशे वेळा पाहिलाय."

"तुम्ही चेहरे कधी पाहता बाबा?" केझाया म्हणाली. "तुम्ही तर मान खाली घालून लिहिता."

दुसऱ्या आठवड्यात ती निघून गेली.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. सगळ्यांना ऑल्डमिन्स्टरला यायला जमत नाही, म्हणून गावोगावच्या काही पाद्र्यांना बिशपनं आपले मुखत्यार नेमलेलं. आम्ही त्यांना कोरे परवाने पाठवायचे, शिक्का आधीच मारलेला, वीस-वीसचा गठ्ठा. त्यांनी नवरदेवाकडून शपथ घ्यायची, नावं भरायची आणि शपथपत्रं आमच्याकडे परत पाठवायची. शपथपत्राच्या छापील नमुन्यात 'वय एकवीस वर्षे पूर्ण' हे शब्द आधीच छापलेले. मुलगी लहान असेल तर मुखत्यारानं ते खोडायचं, खरं वय लिहायचं आणि बापाचं संमतीपत्र जोडायचं. खोडायला शाई लागते, हात लागतो, आणि मुख्य म्हणजे विचारावं लागतं. कोण कशाला विचारतोय!

थॉर्नबेकचे रेव्हरंड ऑडली तर वर्षातून एकदाच, सप्टेंबरअखेर, सगळी शपथपत्रं एका जुन्या पायमोज्यात कोंबून पाठवायचे. त्या वर्षीचा पायमोजा जेबेझनंच रिकामा केला. मी समोर होतो. एक कागद उघडला आणि पुढचा घेतलाच नाही. मी वाकून पाहिलं. ल्युशन हॅमरटन, अविवाहित. केझाया विंटल, कुमारी, वय एकवीस वर्षे पूर्ण. तारीख अकरा मार्च, अठराशे सतरा. लग्न लागलं तो परवानाही जेबेझच्याच हातचा, त्यानंच मोजून पाठवलेल्या गठ्ठ्यातला.

"विंटल," मी म्हटलं, "ही तर आपली..."

"हॅमरटन," तो म्हणाला. "एच मध्ये जाईल." त्यानं घडी घातली, पाठीवर नाव लिहिलं आणि कागद जागेवर टांगला.

कायदा काय सांगतो ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एकवीसच्या आतल्या मुलीचं परवान्यानं लग्न झालं आणि बापाची संमती नसली, तर ते लग्नच नव्हे. मग दहा वर्षं होवोत की दहा पोरं होवोत. जेबेझनं बिशपच्या कोर्टाला दोन ओळी लिहिल्या असत्या तर केझाया आठवड्यात घरी आली असती, कुमारी म्हणून. त्यानं लिहिल्या नाहीत. दोन वर्षं तो तिचं नावही काढत नव्हता. फक्त एचच्या गठ्ठ्यांवर कधी धूळ दिसली नाही.

मग अठराशे एकोणीसच्या एप्रिलमध्ये एका सकाळी आमच्या मेजासमोर एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर वर्षाची पोर, पायांत चिखल.

"परवान्याची नोंद बघायची आहे," ती म्हणाली.

जेबेझ मान खाली घालून लिहीत होता. "नाव?"

"केझाया हॅमरटन."

"लग्नाआधीचं?"

"ते तुम्हाला पाठ असेल."

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. मी माझ्या दौतीत काहीतरी शोधायला लागलो.

"ल्युशनचे वडील गेले," ती म्हणाली. "कारखाना त्याच्या हातात आला. आता त्याला एका जमीनदाराची मुलगी मिळतेय. तो म्हणतो मी त्याची बायकोच नाही. संमती नव्हती म्हणे."

"नव्हतीच," जेबेझ म्हणाला.

"ते मला माहीत आहे बाबा. तेवढं ऐकायला तेवीस मैल चालत नाही आले मी."

"मग कशाला आलीस?"

"या पोरीला बाप आहे की नाही, मी बायको आहे की ठेवलेली बाई, हे तुमच्या एका कागदावर ठरणार आहे. म्हणून."

बघा हं, न्याय कसा असतो! मुलगी सज्ञान आहे अशी खोटी शपथ घेतली ल्युशननं. आणि त्याच खोट्याच्या जोरावर लग्नातून सुटणार कोण? ल्युशन. कायदा करणाऱ्यांना याचं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या मुली कशाला तेवीस मैल चालतायत.

जेबेझनं लेखणी दौतीत बुडवली. तिला बस म्हणाला नाही, पोरीला हात लावला नाही. ती पाठ फिरवून गेली आणि टॅमसिनकडे उतरली. मी संध्याकाळी म्हटलं, "अगं, बापाचं घर दोन गल्ल्यांवर आहे." तर म्हणाली, "त्यांनी ये म्हटलं नाही." दुसऱ्या दिवशी जेबेझला म्हटलं, तर म्हणाला, "तिनं येऊ का विचारलं नाही." घ्या! दोघांनाही एकाच मापाचं डोकं, आणि त्यात एकाच जातीचा दगड.

त्याच दुपारी वकील आला. क्रेक त्याचं नाव, हॅमरटनचा माणूस. गोड हसत म्हणाला, "मिस्टर विंटल, तुम्हाला तर आनंदच होईल. तुमची मुलगी मोकळी होतेय. एच अक्षराचं, अठराशे सतराचं शपथपत्र फक्त पाहायचं आहे."

"अर्ज करा," जेबेझ म्हणाला.

"केला."

"त्यावर दफ्तरप्रमुखांची सही लागते. ते मासे पकडायला गेलेत. गुरुवारी येतील. गुरुवारी सही झाली तर शुक्रवारी शोध. शुक्रवारी एचचे गठ्ठे दोऱ्या बदलायला काढतो. सोमवारी या."

क्रेकचं हसू जरा आटलं. दफ्तराची दिरंगाई ही किती थोर गोष्ट आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तो गेल्यावर जेबेझ मला म्हणाला, "पेग्रम, मुखत्यारांकडून संमतीपत्र राहून गेलं की आपण त्यांना पत्र पाठवतो ना, तो नमुना कुठं आहे?"

ही आमची नेहमीची रीत. अर्धे मुखत्यार संमतीपत्र जोडायला विसरायचे. आम्ही पत्र पाठवायचो, ते मागली तारीख घालून कागद पाठवून द्यायचे. जेबेझ या पत्रांवर वर्षानुवर्षं नाक मुरडत आला होता. आता त्यानं पत्राचा नमुना काढला, संमतीपत्राचा काढला, दोन्ही आपल्या सुरेख अक्षरात भरले: 'वधूचे जन्मदाते वडील जेबेझ विंटल यांनी अकरा मार्च रोजी थॉर्नबेक येथे जातीनं हजर राहून संमती दिली.' आयुष्यातलं पहिलं खोटं केलं, तेही नमुन्याबरहुकूम.

शनिवारी तो आणि मी थॉर्नबेकला गेलो. रेव्हरंड ऑडलींना डोळ्यांनी कमी दिसायचं आणि दारूनं आणखी कमी.

"आठवताय की तुम्ही!" त्यांनी सही करता करता म्हटलं. "चांगले उंचेपुरे गृहस्थ! मला तेव्हाच वाटलं होतं, काय ऐट आहे या माणसाची!"

जेबेझनं त्यांच्या छातीच्या उंचीवरून आभार मानले. सोमवारी सकाळी कागद जागेवर टांगलेला होता.

क्रेकनं तो वाचला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बावळट नव्हता तो. "वा," म्हणाला. "म्हणजे तुम्ही तिथं होतात. मग परवा बिशपच्या कोर्टात शपथेवर सांगा. त्या दिवसाबद्दल दोन-चार साधे प्रश्न विचारीन."

आता आली का पंचाईत! कागद लिहिणं सोपं होतं. जिथं गेलाच नाही त्या लग्नाचं वर्णन करायचं कसं? मी निरोप नेला, आणि दोन दिवस दुपारच्या जेवणाच्या वेळी केझाया दफ्तरात यायची. जेबेझ पाव-चीज बाजूला ठेवून मेजाशी बसायचा, ती समोरच्या बाकावर, पोर माझ्या मांडीवर माझी पट्टी चावत. आणि बाप लेकीला तिच्या लग्नाबद्दल विचारायचा.

"हवा?"

"झिमझिम. गार वारा."

"अंगावर काय होतं तुझ्या?"

"करडा झगा. तोच, कोपरावर ठिगळवाला."

"लग्नात ठिगळ?"

"नवा कुणी शिवून देणार होतं का बाबा?"

त्यानं ठिगळ लिहून घेतलं. "साक्षीदार?"

"घंटा वाजवणारा माणूस आणि झाडलोट करणारी बाई. ती जांभया देत होती."

"कुणी रडलं?"

"ल्युशनच्या जोड्यात पाणी शिरलं होतं, तो कुरकुरत होता. रडलं कुणी नाही. मी एकदा दाराकडे बघितलं."

"कशाला?"

"उगाच," ती म्हणाली. "हेही लिहून घ्या, तिकडून विचारतील."

त्यानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळं पाठ म्हणून दाखवलं. ठिगळ डाव्या कोपरावर, अंगठी बोटाला सैल, पाद्री दोनदा नाव चुकले. मधेच तो खाकरायचा आणि धुळीला नावं ठेवायचा. लग्नाला बोलावणं नव्हतं, गेला नव्हता, आणि आता सगळ्या ऑल्डमिन्स्टरात ते लग्न त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्या दोघांचा असा राग आला म्हणता! अरे, एवढं बोलताय तर एकदा घरी चल म्हण ना! तू तरी येते म्हण! पण नाही. दोनचा टोला पडला की ती पोर उचलायची आणि टॅमसिनकडे जायची.

कोर्ट म्हणजे आमच्याच शेजारची खोली. तिथं साक्ष बंद दाराआड होते. बाहेरच्याला आत मज्जाव. दफ्तरप्रमुख न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून माशांची स्वप्नं बघत होते. लिहून घ्यायला मी. केझाया बाहेर जिन्यात.

आधी माझीच शपथ झाली. अकरा मार्चला विंटल दफ्तरात होते का? "नव्हते," मी म्हटलं. "दाढ सुजली होती म्हणून रजेवर होते." हात पुस्तकावरच होता. वीज पडली नाही.

मग जेबेझ. ज्या पुस्तकाला त्यानं नऊ हजार खोटारड्यांचे ओठ लागताना पाहिले, त्याची पाठ कधीच गुळगुळीत झालेली. त्यानं ते हातात घेतलं, ओठांना लावलं.

क्रेकनं हवा विचारली, झगा विचारला, साक्षीदार विचारले. जेबेझनं सगळं सांगितलं. क्रेकनं ठिगळापर्यंत खोदून पाहिलं. जेबेझनं कोपर डावं असल्याचंही सांगितलं. क्रेकचे कागद संपत आले. मग त्यानं लेखणी खाली ठेवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "चर्चमधून बाहेर पडताना तुम्ही मुलीला काय म्हणालात?"

हे पाठ केलेलं नव्हतं. जेबेझनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर गाडी गेली, तिचा आवाज वेशीत घुमला आणि थांबला. क्रेक खुर्चीत मागं टेकला.

"म्हणालो," जेबेझ म्हणाला, "केझाया, तो तुझ्याशी नीट वागला तर चांगलंच आहे. नाही वागला, तर घरी निघून ये. कुठलाही दिवस असो, कुठलीही वेळ असो. मला विचारत बसू नकोस. माझी संमती आहे म्हणून समज."

मी लिहीत होतो. शाईचा थेंब पडला, तो तसाच आहे त्या कागदावर.

"आणि ती काय म्हणाली?" क्रेकनं विचारलं.

"मी उशीर केला होता बोलायला," जेबेझ म्हणाला. "ती पुढं निघून गेली होती."

क्रेकनं त्याच्याकडे बघितलं, मग कागद गोळा केले. घंटावाला नि झाडूवाली पाद्र्यांच्या पगारावर; मग क्रेकच्या बाजूनं साक्षीला होता कोण? ल्युशन. आणि ल्युशननं काय सांगायचं? की मी पूर्वी खोटी शपथ घेतली होती, आता खरी घेतोय. क्रेक धंद्यात मुरलेला होता. त्यानं दावा मागं घेतला, आणि माझ्याशी हात मिळवून गेला, का ते मला अजून कळलं नाही. केझाया जिंकली. काय जिंकली? ल्युशन हॅमरटनची कायदेशीर बायको म्हणून मरायचा हक्क. पोरीला बापाचं नाव मिळालं, आणि बाप कसला ते तुम्ही पाहिलंच.

मी साक्षीचा कागद घेऊन बाहेर आलो. ती जिन्यात उभी होती.

"काय विचारलं?"

"सगळं तू शिकवलेलंच. शेवटचा प्रश्न सोडून."

"कुठला?"

हा कागद कुणाला दाखवायचा नसतो. मी शेवटच्या चार ओळी तिला वाचून दाखवल्या. तिनं त्या पुन्हा वाचायला लावल्या. मग भिंतीकडे तोंड करून ती अशी रडली, की पोर घाबरून गप्प झाली. मी काय करणार? मी पोरीला पट्टी दिली.

जेबेझ बाहेर आला तेव्हा जिना रिकामा होता. मी त्याला खिडकीपाशी नेलं. खाली केझाया एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात टॅमसिनकडचं गाठोडं घेऊन कॅथेड्रलच्या गल्लीत वळत होती, त्याच्या घराकडे. तिनं त्याला विचारलं नव्हतं. तो टोपी घ्यायला विसरला आणि जिना दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.